कॉलेजच्या कॉपी न करण्याच्या हमीपत्रावर सही केलीस, आता पुढे काय?

विचारलंस ते बरं केलंस. सही सगळेच करतात, वाचतात थोडे. आधी ते हमीपत्र शांतपणे वाच. परीक्षेतली कॉपी चुकीची हे सगळ्यांना कळतं. नवी मुलं अडकतात ती जर्नल आणि प्रोजेक्टमध्ये.

आमच्या गटाने रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर सर्व्हे घेतला होता. दोघांनी उरलेले फॉर्म घरी बसून भरले. तारीख टाकली 12 जुलै, ट्रॉलरने त्या दिवशी आणलेल्या मासळीसकट. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते. सरांच्या ते पहिल्या नजरेतच लक्षात आलं आणि अख्ख्या गटाला सर्व्हे पुन्हा करावा लागला. दहाच फॉर्म झाले तर दहाच लिही. खरंच चालतं.

सुरुवातीला एवढं सांभाळ:
- ब्युरेटचं (प्रयोगातल्या मोजनळीचं) रीडिंग आलं तसं पेनाने लिही. चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवं लिही.
- मित्राचं जर्नल समजून घ्यायला बघ, उतरवायला नको. आपलं उतरवायला देणाराही अडकतो.
- दुसऱ्याचं वाक्य घेतलंस की तिथल्या तिथे स्रोत लिही. 'नंतर टाकू' म्हटलं की राहतं.

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात 1893 साली विद्यार्थ्यांच्याच मागणीवरून सन्मानसंहिता, म्हणजे कॉपी न करण्याचं वचन, आली आणि पर्यवेक्षक परीक्षेच्या खोलीबाहेर गेले. तो विश्वास मला फार मोलाचा वाटतो.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) दुसऱ्याचं लिखाण उचलण्याबद्दलचे 2018 चे नियम, मजकुरातल्या 10 टक्के साम्याची मर्यादा, हे आत्ता डोक्यात घेऊ नकोस. एआय वापरायचं असेल तर मात्र त्या-त्या विषयाच्या सर-मॅडमना आधी विचार.