उपग्रहाला जमिनीखालचं पाणी दिसतं का?

प्रश्न: नमस्कार सर, औसा तालुक्यात साडेचार एकर रान आहे आमचं. पाणाड्यानं नारळावर दाखवलं तिथं दोन बोअर घेतले, एक ३२० फूट एक ४००, दोन्हीतनं नुसता फुफाटा निघाला. आता भाचा म्हणतो सॅटेलाइटच्या नकाशावर पाणी कळतं, मग तिसरा घेऊ का?

उत्तर: दादा, तिसऱ्या बोअरला थोडं थांबा, कर्ज काढून तर अजिबात नको. उपग्रहाला जमिनीतलं पाणी दिसत नाही, त्याला दिसतात खुणा. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक, त्यात पाणी मुरतं ते मुरमात, मांजऱ्या खडकात (बारीक छिद्रांचा खडक), भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात, आणि हे सगळं बहुतेक वरच्या दोनशे फुटांतच असतं, म्हणून खोल गेलं की पाणी लागतंच असं नाही (शेतीसाठी २०० फुटांखाली जायला २००९ च्या भूजल कायद्यात बंदीच आहे).

भेग कशी ओळखायची? एप्रिलची इमेज उघडा, सगळं रान करपलेलं असतं आणि मधूनच एक सरळ हिरवी रेघ जाते, ओढा तिथं काटकोनात वळलेला असतो, जाऊन बघितलं तर उंबर, करंज ओळीनं उभे. पण नीट बघा, कॅनॉल आणि जुना बांधसुद्धा अशीच रेघ दाखवतो, मी स्वतः फसलोय. मग जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशे एकत्र जोडून बघायच्या संगणक प्रणालीत, या रेघा, उतार, ओढ्यांची दाटी, खडक, माती असे थर एकमेकांवर ठेवतात, प्रत्येकाला महत्त्वाप्रमाणे गुण देतात आणि बेरजेवरून चांगलं, मध्यम, कमी असे पट्टे पाडतात.

आता तुमच्या कामाचं. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाच्या इमेजमधला एक चौकोन ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे जवळपास नऊ गुंठे, तुमच्या अख्ख्या रानाचे वीसच चौकोन झाले! त्यामुळे नकाशा शिवार सांगेल, बोअरचा पॉइंट नाही सांगणार. पट्टा 'कमी' निघाला तर तो पैसा वाचवा. 'चांगला' निघाला तर आधी शेजारच्या चार-पाच विहिरी बघा, मे महिन्यात पाणी किती हातावर आहे, मुरूम किती फुटांपर्यंत लागला, आणि मग त्या पट्ट्यात रेझिस्टिव्हिटी तपासणी (जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजतात ती) करून घ्या. इस्रोच्या भुवन पोर्टलवर भूजलाचे नकाशे फुकट बघता येतात, भाच्याला आज तेवढंच उघडायला सांगा आणि गावचा ओढा शोधा त्यात.