विचारा तर खरं : जकार्तात ड्रायव्हर ठेवू का?

प्रश्न : ताई, यजमानांची तीन वर्षांसाठी जकार्ताला बदली झाली आहे. गाडी कंपनीची, ड्रायव्हर मात्र आपण शोधायचा. मी अठरा वर्षं सिंहगड रोडवर स्वतः गाडी चालवते. भाषा येत नसताना परक्या माणसावर किती भिस्त ठेवायची? मुलीला त्याच्याबरोबर शाळेत पाठवू का? आणि मागे बसून राहायचं मला कसंतरीच वाटतं.
— एक वाचक, आनंदनगर, पुणे

उत्तर : सिंहगड रोडवर अठरा वर्षं काढलीत म्हणजे जकार्ताचं ट्रॅफिक तुम्हाला नवं नाही. गाड्याही आपल्यासारख्या डाव्या बाजूनेच चालतात. तरी ड्रायव्हर ठेवाच. तिथे ठरावीक रस्त्यांवर गर्दीच्या वेळी सम तारखेला सम नंबरच्या आणि विषम तारखेला विषम नंबरच्याच गाड्या जाऊ शकतात. आपला नंबर बसत नसेल त्या दिवशी गाडी कुठल्या गल्लीतून काढायची, ते ड्रायव्हरलाच ठाऊक.

मी २०१३ साली गेले तेव्हा नियम वेगळा होता : गाडीत किमान तीन माणसं हवीत. पहिल्याच आठवड्यात आमच्या ड्रायव्हरने रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि तान्हं मूल कडेवर घेतलेली एक बाई खुशाल माझ्याशेजारी येऊन बसली. मी पर्स छातीशी धरली. पुढच्या चौकात ती पैसे घेऊन उतरली! डोकी भरायला अशी भाड्याची माणसं मिळत, त्यांना ‘जोकी’ म्हणत. २०१६ साली तो नियम गेला.

माणूस निवडताना परवाना बघा. तिथे परवान्याला ‘सिम’ म्हणतात. पहिला उमेदवार ‘सिम, सिम’ करत खिसे चाचपायला लागला, तेव्हा मी त्याला मोबाईलचं दुकान दाखवायला निघाले होते. मग त्याला ऐन शाळेच्या वेळी गाडी चालवायला सांगा आणि गप्प बसून बघा. हॉर्नपेक्षा ब्रेक कसा मारतो, त्यावरून कळतं. मुलीबरोबर पहिले तीन आठवडे स्वतः जा.

पैशाचं पहिल्याच दिवशी कागदावर आणा : वेळ, जेवणाचे पैसे, जादा वेळेचे (त्याला ‘लेम्बुर’ म्हणतात), शुक्रवारी दुपारी नमाजाची सुट्टी. ईदच्या आधी एक महिन्याचा पगार जास्तीचा द्यायची रीत आहे, आपल्या दिवाळीच्या बोनससारखी. तो देताना कुरकुरू नका. रोज्यांच्या महिन्यात तो पहाटे साडेतीनला उठलेला असतो. रात्रीच्या पार्टीला टॅक्सीने जा.

आता माझी फजिती. ईदला अख्खं शहर गावी जातं, आमचा ड्रायव्हरही दहा दिवस गेला. तिसऱ्या दिवशी मुलीला १०३ ताप. टॅक्सी थांबवली, तर मला दवाखाना कुठे आहे तेच सांगता येईना. पाच वेळा जाऊन आले होते, पण प्रत्येक वेळी मागे बसून फोनमध्ये डोकं! घरी परतताना आपल्या गल्लीचं नावही आठवेना. त्याला माहीत आहे ना, म्हणून मी काहीच माहीत करून घेतलं नव्हतं. त्यानंतर शिकले : ‘किरी’ डावीकडे, ‘कानान’ उजवीकडे, ‘लुरुस’ सरळ. काचेला तेही ‘काचा’च म्हणतात, तेवढं फुकट मिळालं.

मागे बसण्याचं म्हणाल, तर मी हट्टाने पुढे बसायचे. तो बिचारा अंग चोरून गाडी चालवायचा. शेवटी मागे गेले, तेव्हा कुठे तो बोलायला लागला. त्याला ‘पाक’ म्हणायचं, म्हणजे काका-बाबांसारखं, आणि नाव त्यापुढे.

जाताच दोन कार्डं करून घ्या, घराच्या पत्त्याचं आणि दवाखान्याच्या पत्त्याचं, तिथल्या भाषेत, एक मुलीच्या दप्तरातही. आणि ड्रायव्हरचा नंबर घ्याल तेव्हा त्याच्या बायकोचाही घ्या. सणाला गावी गेल्यावर त्याचा फोन लागत नाही.