पोस्टर बघून पोरं येत नाहीत

विद्यार्थ्यांनी केलेल्या विनोदी फिल्मबद्दल या वेळी इतके प्रश्न आले की बाकीची पत्रं पुढच्या खेपेसाठी बाजूला ठेवली आहेत.

आम्ही सात जणांनी मिळून 38 मिनिटांची विनोदी फिल्म केली. गंगापूर रोडला छोटा हॉल घेऊन खेळ लावला, पोस्टरं चिकटवली, रोज स्टोरी टाकली. आले कोण, तर आमचे आईवडील आणि दोन सर. ज्यांच्यासाठी केली ती नववी ते बारावीची पोरं फिरकलीच नाहीत. कुठे चुकलं?
– मास मीडियाचा विद्यार्थी, दुसरं वर्ष

तुम्ही एकेकट्या पोराला बोलावलंत. त्या वयात कुणी एकट्यानं कुठे जायचं ठरवत नाही, ग्रुप ठरवतो. आणि ग्रुपमध्येही ठरवणारा एखादाच असतो. संध्याकाळी क्लास सुटल्यावर कॉलेज रोडला उभं राहून बघा. दहा जणांचा घोळका कुठल्या गाडीवर खायला वळणार, हे कुणा एकाच्या 'चला रे'वर ठरतं. तो एक तुम्हाला हवाय. त्याला फुकट पास देऊन तो येणार नाही, त्याला काम द्या. कँटीनच्या प्रसंगात मागे बसणारी वीस पोरं लागतात ना? ती वीस वेगवेगळ्या ग्रुपांतून घ्या. आपला पक्या पडद्यावर वडापाव खाताना दिसतो म्हटल्यावर अख्खा ग्रुप येतो, तोही पक्याची खेचायला. फिल्म पुरी झाली असेल तर शेवटच्या नावांबरोबर अशा ग्रुपांचे दोन-तीन वेडे शॉट आताही घेता येतील.

हे मी हवेतलं सांगत नाही. आपल्याच नाशिक जिल्ह्यात मालेगावात नासीर शेख यांनी 2000च्या सुमारास 'शोले'चा मालेगावी अवतार काढला. नट गावातलेच, पैसा जेमतेम, आणि गावानं तो डोक्यावर घेतला. आपली गल्ली, आपली बोली, ओळखीचा चेहरा पडद्यावर बघण्यात जी गंमत आहे, ती मोठ्या सिनेमाला विकत घेता येत नाही.

आता कडू भाग. 38 मिनिटं फार झाली. हे मी फिल्म न बघता म्हणतोय, कारण विद्यार्थ्यांच्या बहुतेक विनोदी फिल्मांत निम्मे जोक फक्त करणाऱ्यांनाच कळतात. तुम्हाला मुळीच न ओळखणारी आठ-दहा दहावीतली पोरं गोळा करा, फिल्म लावा आणि तुम्ही पडद्याकडे पाठ करून त्यांच्या तोंडाकडे बघत बसा. कुठे हसली, कुठे हात मोबाईलकडे गेला, ते मिनिटासकट लिहा. 'कशी वाटली?' विचारू नका. तोंडावर सगळे 'भारी' म्हणतात. मोबाईल निघाला तिथे कात्री. आणि जिथे जोरात हशा येतो, तिथे पुढच्या वाक्याआधी जरा जागा सोडा. ते वाक्य हशात बुडालं तर त्यावर उभा असलेला पुढचा जोकही जातो. घरी लॅपटॉपवर एडिट करताना ही जागा रिकामी वाटते, भरल्या हॉलमध्ये ती लागतेच.

रीलमध्ये सगळ्यात भारी पंच टाकावा की राखून ठेवावा? आमच्यात यावरून भांडणं चालू आहेत.
– तीन मैत्रिणी, सिडको

सगळ्यात भारी राखा, दुसऱ्या नंबरचा वापरा. पण तो अर्धवट तोडू नका. रील पाहणाऱ्याला तिथल्या तिथे हसू आलं पाहिजे, नाहीतर तो पुढे पाठवणार नाही. उभ्या फ्रेममध्ये वेगळं एडिट करा आणि संवाद अक्षरांत द्या. क्लासमध्ये मागच्या बाकावर आवाज बंद करूनच बघतात. शेवटी तारीख, वेळ, ठिकाण. ते विसरणारे तुम्ही पहिले नसाल.

जाहिरातीत काय बोलायचं, हे दादासाहेब फाळक्यांकडून घ्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या, नाशिकला कंपनी थाटलेल्या या माणसाला आपण प्रत्येक भाषणात हार घालतो, युक्ती मात्र उचलत नाही. 1913मध्ये 'राजा हरिश्चंद्र'ला सुरतेत गर्दी होईना. कमी पैशांत तासन्‌तास नाटक बघणाऱ्या लोकांना हा खेळ फार छोटा वाटत होता. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केल्याचं सांगतात : सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत! लोक लांबी मागत होते, त्यांनी लांबीच विकली. तुमच्या प्रेक्षकाला काय हवंय? आज शनिवारी संध्याकाळी ग्रुपनं करायला काहीतरी. मग फिल्मचं कौतुक कशाला लिहिता? 'क्लास सुटल्यावर पाऊण तास, पूर्ण ग्रुप या' एवढं लिहा.

माजी विद्यार्थ्यांची फिल्म आमच्या शाळेच्या गॅदरिंगला दाखवायची आहे. शिव्या आहेत, शिक्षकांची नक्कल आहे, आणि शेवटी काही संदेशही नाही. काय बदल सुचवू?
– शिक्षक, नाशिक रोड

सर, शिव्या काढायला सांगा. नैतिकतेचा मुद्दा सोडा, शिवीवर येणारा हशा दुसऱ्यांदा येत नाही. नक्कल राहू द्या. खमक्या सुपरवायझरची नक्कल सगळ्या शाळेला आवडते, स्वतः सुपरवायझरसकट. पण तोतरं बोलणारा, जाड, काळा, गरीब अशा मुलावर जोक असेल तर तो जाऊ द्या. तसा मुलगा त्याच हॉलमध्ये बसलेला असतो आणि सगळे वळून त्याच्याकडे बघतात.

संदेशाचा आग्रह मात्र कृपा करून धरू नका. शेवटच्या दोन मिनिटांत पात्रं शहाणी होऊन बोलायला लागली की पोरं चपला शोधू लागतात.

तिकीट लावू का? आणि तारीख कुठली घ्यावी?
– अकरावीचा विद्यार्थी, पंचवटी

तिकीट नको. तिकीट लावून थिएटरात सार्वजनिक खेळ म्हटलं की सेन्सॉर प्रमाणपत्र आलं. 2023च्या कायदादुरुस्तीनंतर यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या गटातही 7+, 13+, 16+ असे टप्पे झालेत. पहिल्या फिल्मला हा व्याप कशाला? कॉलेजच्या हॉलमध्ये, कॉलेजच्या परवानगीनं, आपल्याच मुलांसाठी खेळ करा. जानेवारी ते मार्च विसरा, दहावी-बारावीची घरं तेव्हा बंद असतात. गॅदरिंगच्या दिवसांत डिसेंबर उत्तम.

आणि एक, तू विचारलं नाहीस तरी : पडद्यावर अठराच्या आतलं कुणी असेल तर रील टाकण्याआधी त्याच्या आईवडिलांची लेखी संमती घे. मुलीचा चेहरा फ्रीज करून मीम बनवायला कुणाला वेळ लागत नाही, आणि कमेंट वाचायला ती एकटीच असते.

दहा सेकंदांपर्यंत सिनेमाचं गाणं वापरलं तर चालतं, हे खरं का?
– सिन्नर

नाही. कायद्यात सेकंदांची अशी सूट कुठेच नाही, आणि 'श्रेय : मूळ कलाकार' लिहूनही ती मिळत नाही. यूट्यूबची यंत्रणा छोटा तुकडाही ओळखू शकते. मग आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच अडतो, तोही नेमका लिंक सगळीकडे पाठवून झाल्यावर. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत आहे, पण विनोदी म्हणून मिळणारं बहुतेक ऐकून ऐकून चोथा झालेलं. त्यापेक्षा वर्गातल्या ढोलकी वाजवणाऱ्याला पकडा.