‘ताज्या जखमा नाहीत’ असं लिहून दिलं, आता काय करू?

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात बाँडवर वैद्यकीय अधिकारी आहे. गेल्या आठवड्यात रात्री दीड वाजता साध्या वेशातल्या पथकाने एका तरुणाला मेडिकलसाठी आणलं. गुन्हा यूएपीएचा, म्हणजे दहशतवादविरोधी कायद्याचा. पत्रात अटक त्याच संध्याकाळची होती. पण तळपाय सुजलेले, मांड्यांवरचे वळ हिरवट-पिवळे पडलेले. “मला उचलून सहा दिवस झाले,” तो पुटपुटला. साहेब म्हणाले, “मॅडम, देशाचा मामला आहे, ‘ताज्या जखमा नाहीत’ एवढंच लिहा.” मी लिहिलं. वरिष्ठ म्हणतात, विसरून जा, उद्या बॉम्ब फुटला तर तुझी तत्त्वं कुणाच्या कामाची? मी अडकेन का?

उत्तर : डॉक्टर, त्या साहेबांची हुशारी मानली पाहिजे. वाक्य खोटं नाही. जखमा ताज्या नव्हत्याच, आणि लपवायचं होतं ते नेमकं तेच. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार तपासणाऱ्या डॉक्टरने जखमा, मारहाणीच्या खुणा आणि त्या अंदाजे कधीच्या, हे लिहायचं असतं. हे ‘अंदाजे कधी’ फार मोलाचं आहे. आमच्या कोर्टाच्या बोलीत अटक ‘दाखवली’ जाते. उचलायचं सोमवारी, दाखवायचं शनिवारी. मधले दिवस स्टेशन डायरीत नसतात, घरच्यांना माणूस कुठे आहे ते कळत नाही, वकील कुणाला भेटणार? पोलीस ठाणी आणि तपास यंत्रणांच्या कार्यालयांत सीसीटीव्ही लावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये बजावलं. पण माणूस कुणाच्या फार्महाउसवर ठेवला, तर कॅमेरा कुठला? मग त्या दिवसांची नोंद उरते ती त्याच्या अंगावर, आणि ती वाचायला त्या रात्री तुम्ही एकट्याच होतात.

यूएपीएमध्ये पोलीस कोठडी ३० दिवसांपर्यंत आणि आरोपपत्राची मुदत १८० दिवसांपर्यंत जाऊ शकते. पण अटकेनंतर २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करायचं, ही राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मधली अट त्या कायद्यानेही काढलेली नाही. त्या तरुणाचं म्हणणं खरं असेल, तर ते दिवस निखळ बेकायदा आहेत.

आता वरिष्ठांचा बॉम्ब. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी सुनावली. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब छळ करून घेतले, हे त्यातलं एक मोठं कारण. तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे आणि सरकारचं अपील तिथे आहे. पुढे काय व्हायचं ते होईल. पण स्फोटात माणसं गमावलेल्या घरांना १९ वर्षांनी ‘मग केलं कुणी?’ हाच प्रश्न पडला, हे वरिष्ठांना जरूर सांगा. त्या खटल्यात मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, होता; त्यात निदान अधीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली पुराव्यात चालते. यूएपीएमध्ये तेवढंही नाही, पोलिसांसमोरची कबुली पुराव्यात चालत नाही. म्हणजे हे तळपाय कशासाठी फोडले, हे त्या साहेबांनाच विचारायला हवं.

तुमच्यापुरतं सांगतो. खोटं आहे हे माहीत असून महत्त्वाच्या मुद्द्यावर प्रमाणपत्र देणं गुन्हा आहे, आणि तुम्ही सरकारी नोकर असल्याने मामला अधिक नाजूक. ‘वाक्य खरंच होतं’ हा बचाव आहे, पण त्यावर मी माझ्या मुलीला विसंबू देणार नाही. जुन्या केसपेपरला हात लावू नका. खाडाखोड केलीत तर नवाच गुन्हा. आजच्या तारखेने वेगळं पुरवणी टिपण लिहा : काय पाहिलं, जखमांचा रंग, जागा, अंदाजे वय, रुग्ण काय म्हणाला. तुम्ही तसं का लिहिलंत हे त्यात नको. आधी एखाद्या फौजदारी वकिलाला दाखवा, पण त्यात आठवडा घालवू नका. तो तरुण अजून कोठडीत असेल. मग टिपण वैद्यकीय अधीक्षकांना द्या, पोच घ्या, आणि रिमांड देणाऱ्या न्यायालयाला सीलबंद पाकिटात पाठवा, पोलिसांमार्फत नव्हे. फेरतपासणीचा आदेश तेच न्यायालय देऊ शकतं. अहवालाची प्रत त्या तरुणाला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला मिळायला हवी होती. ती दिली का, हेही तपासा. व्हॉट्सअॅपवर मात्र कुणाला काही पाठवू नका.

आणि सगळ्यात आधी, उद्या सकाळीच, रुग्णालयाच्या दारावरच्या कॅमेऱ्याचं त्या रात्रीचं चित्रण जपून ठेवा, असं लेखी मागा. ही यंत्रं काही दिवसांनी जुन्यावर नवं लिहितात.