वायुदलात आणि नंतर विमान कंपनीत नोकरी केलेल्या आजोबांचे आयुष्य कसे समजून घ्यावे?

आपले आजोबा आधी वायुदलात आणि पुढे निवृत्तीपर्यंत एअर इंडियात तंत्रज्ञ होते, ते गेल्यानंतर त्यांच्यावर चार पाने लिहावीत असे आपल्याला वाटते, पण त्यांच्या कामाविषयी घरात कोणालाच नीट सांगता येत नाही, असे आपण लिहिले आहे. माझे थोरले काका अगदी याच वाटेने गेले. त्यांच्याविषयी सांगतो, त्यावरून आजोबांच्या आयुष्यात काय शोधायचे, हे आपल्या ध्यानात येईल.

काका सातारा जिल्ह्यातले. 1962 च्या चीन युद्धानंतर गावोगावची तरुण मुले सैन्यात जाऊ लागली, तेव्हा तेही 1963 मध्ये एअरमन म्हणून, म्हणजे अधिकारी नसलेला सैनिक म्हणून, वायुदलात भरती झाले. बंगळूरजवळच्या जालहळ्ळीत त्यांना इंजिन फिटरचे शिक्षण मिळाले. गावाला मात्र शेवटपर्यंत असेच वाटे की ते विमान चालवतात, आणि काकांना ही समजूत मनापासून खटके. ते समोरच्याला थांबवून सांगत, "चालवणारे साहेब वेगळे. मी इंजिनाचा माणूस."

या इंजिनाच्या माणसाचे काम समजून घ्यायचे असेल तर त्याच्या सहीपासून सुरुवात करावी. वायुदलात प्रत्येक विमानाचा एक फॉर्म 700, म्हणजे देखभालीची नोंदवही, असते. कोणत्या कारागिराने काय तपासले, काय बदलले, हे त्यात सहीनिशी लिहिलेले असते, आणि वैमानिक त्या सह्यांवर विसंबून, स्वतःची सही करून विमान ताब्यात घेतो. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी, दुसऱ्या कोणाचा तरी जीव आपल्या सहीवर आहे हे ज्याला रोज सकाळी ठाऊक असते, तो माणूस पुढे आयुष्यभर कसा वागेल याचा अंदाज आपण करू शकता. घरातला गॅस बंद आहे की नाही, हे काका दुसऱ्याच्या सांगण्यावरून कधीही मानत नसत. स्वतः उठून बघत. आम्हा मुलांना तो हेका वाटे. त्याचे मूळ मला फार उशिरा कळले.

1971 च्या डिसेंबरात, पाकिस्तानशी युद्ध झाले तेव्हा, ते हंटर या लढाऊ विमानांसोबत जैसलमेरच्या विमानतळावर होते. लोंगेवालाची लढाई सर्वांना ठाऊक आहे, पण विमानतळावर विमाने सज्ज करणाऱ्यांनी ती कशी लढली हे फारसे कोणी सांगत नाही. 4 डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी रणगाडे लोंगेवालाच्या चौकीपर्यंत आले, आणि हंटर विमानांना रात्री लढण्याची सोय नसल्यामुळे जैसलमेरला उजाडण्याची वाट पाहत बसावे लागले. काका म्हणत की त्या रात्रीइतकी लांब रात्र त्यांनी पुन्हा पाहिली नाही. वाळवंटातली डिसेंबरची थंडी, हाताला चिकटणारे गार लोखंड, आणि तिकडे चौकीवर आपली माणसे. पहाटे विमाने उडाली आणि मग दिवसभर तीच मोजकी विमाने परत येत, इंधन आणि दारूगोळा घेत आणि पुन्हा जात राहिली. हंटरच्या चार 30 मिलिमीटर तोफा एका संचात बसवलेल्या असतात. रिकामा संच खाली उतरवून भरलेला वर चढवता येतो. त्या दिवशी तो चढवायला फिटर, आर्मरर (शस्त्रे पाहणारा), इलेक्ट्रिशियन असा भेद राहिला नाही, ज्याचे हात मोकळे त्याने हात लावला. विमान जितक्या लवकर परत उडेल तितके वाळूतल्या रणगाड्यांना कमी सवड मिळणार होती. रणगाड्यांची छायाचित्रे सर्वत्र दिसतात, पण विमानाच्या पोटाखाली वाकलेल्या या माणसांचे छायाचित्र मी आजवर पाहिलेले नाही, आणि याचे मला वाईट वाटते.

1973 मध्ये वायुदल सोडून ते मुंबईत एअर इंडियात लागले. कंपनीचे पहिले जंबो (बोईंग 747), सम्राट अशोक नावाचे, 1971 मध्येच आले होते. एका इंजिनाच्या लढाऊ विमानावर हात बसलेल्या माणसाला चार इंजिनांचे, शेकडो प्रवाशांचे विमान नव्याने शिकावे लागले; नागरी विमानांच्या परवान्यासाठी कालिन्याच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत ते रात्री अभ्यास करीत. परदेशी जाणारी बहुतेक विमाने मध्यरात्रीनंतर सुटत, त्यामुळे काकूंची कितीतरी लक्ष्मीपूजने काकांवाचून झाली.

1 जानेवारी 1978 रोजी रात्री सम्राट अशोक मुंबईहून दुबईला जाण्यासाठी उडाले आणि काही क्षणांतच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. 213 जण गेले, कोणीही वाचले नाही. काका त्या दिवशी पाळीवर नव्हते. तरीही त्या विमानावर आपण अखेरचे काम कधी केले, काय केले, हे ते रात्रभर आठवत बसले होते, असे काकूंनी मला सांगितले. विमान किती कलले आहे हे दाखवणाऱ्या उपकरणातला बिघाड आणि त्यामुळे वैमानिकाचा झालेला गैरसमज हे कारण पुढे चौकशीत निघाले. इंजिनांचा त्यात दोष नव्हता, हे समजल्यावरही त्यांनी त्या विमानाविषयी बोलणे टाळले.

1990 विषयी मात्र ते भरभरून बोलत. इराकने कुवेतवर आक्रमण केल्यावर अडकलेल्या भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानहून आणण्यासाठी ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात 488 उड्डाणे झाली आणि सुमारे 1 लाख 11 हजार माणसे घरी आली. मुंबईच्या सहार विमानतळावर उतरलेले विमान तपासून पुन्हा पाठवायचे, हे काम काकांनी जैसलमेरच्याच घाईने केले. एका पिशवीनिशी उतरणारी, जमिनीला हात लावून नमस्कार करणारी माणसे त्यांनी पाहिली होती. एरवी तंत्रज्ञाला प्रवासी दिसतच नाहीत, म्हणून ते दिवस त्यांना मोलाचे वाटत असावेत.

आपण आता आजोबांचे डिस्चार्ज बुक, म्हणजे वायुदल सोडताना मिळणारी सेवापुस्तिका, शोधावे. त्यात सेवा क्रमांक, ट्रेड (कामाचा प्रकार) आणि सेवेचा कालावधी मिळेल, आणि त्या क्रमांकावरून आजीला किंवा वडिलांना दिल्लीच्या सुब्रतो पार्क येथील वायुसेना अभिलेख कार्यालयाकडे विचारणा करता येईल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयही यात मदत करते. त्यानंतर त्यांच्या पाळीतले जे कोणी हयात असतील त्यांना गाठावे, आणि "आजोबा कसे होते" असे न विचारता "एखादा स्नॅग (विमानातला बिघाड) आला की ते काय करत" असे विचारावे. या प्रश्नावर ती माणसे तासभर बोलतील.

22 एप्रिल 2024 रोजी एअर इंडियाचे शेवटचे जंबो मुंबईहून कायमचे निघून गेले. उडताना वैमानिकाने पंख हलवून निरोप दिला. ती चित्रफीत मी काकांना दाखवली तेव्हा त्यांची दृष्टी अधू झाली होती. त्यांनी फोन कानाशी धरला, चारही इंजिनांचा आवाज शेवटपर्यंत ऐकला, आणि पुन्हा लावायला सांगितले.