ओला स्क्रॅप

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

शिरोलीच्या फाउंड्रीत मेल्टिंगला, म्हणजे लोखंड वितळवायच्या कामाला, लागलीस, पेढे पोचले. फार बरं वाटलं. सेफ्टी, प्रॉडक्शन आणि पर्यावरण यांतलं आधी काय धरू, असं तू फोनवर विचारलंस. तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

उद्या शिफ्टला गेलीस की आधी स्क्रॅप यार्डात जा. पावसाळा तोंडावर आहे. स्क्रॅपवर शेड आहे का, गठ्ठे जमिनीवर पाण्यात बसलेत का, ते बघ. पाण्याची वाफ झाली की तिला साधारण 1,700 पट जागा लागते. थोडं पाणी रसावर, म्हणजे वितळलेल्या लोखंडावर, पडलं तर बहुतेकदा वाफ होऊन उडून जातं. रसाखाली अडकलं तर मात्र रस बाहेर फेकतं. तोंडं बंद असलेले पाइप, जुने शॉकअब्सॉर्बर यांचंही तेच. कापल्याशिवाय भट्टीत जाऊ देऊ नकोस.

हे मी स्वतः चूक करून शिकलोय. जुलैतली रात्रपाळी होती. चार्जिंगवरचा माणूस म्हणाला, "साहेब, गठ्ठा ओला हाय." सकाळी माल गाडीत भरायचा होता. मी म्हणालो, "टाक." रस छपराच्या पत्र्यापर्यंत उडाला. त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. तो हात पुढे कधी पूर्ण सरळ झाला नाही. भट्टी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद राहिली, गाडी रिकामी परत गेली, आणि लॅडलमध्ये, म्हणजे रस ओतायच्या भांड्यात, गोठलेलं लोखंड फोडून पुन्हा वितळवावं लागलं. तुझ्या प्रश्नातले तिन्ही विषय त्या एका "टाक"मध्ये बुडाले. त्या माणसाला धोका दिसला होता, त्यानं तो सांगितलाही होता. तुला कुणी "मॅडम, ओला हाय" म्हणालं, तर हातातलं काम सोडून आधी गठ्ठा बघायला जा.

आता विजेचं. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साधारण 550 ते 600 युनिट लागतात. मोल्डिंग लाइन थांबली म्हणून रस भट्टीत ताटकळला, झाकण उघडं राहिलं, "असू दे थोडा गरम" म्हणून टेंपरेचर पन्नास अंश जास्त चढवलं, तर हा आकडा गुपचूप वाढतो. जास्त तापलेला रस भट्टीचं आतलं अस्तरही खातो. आणि रिजेक्ट झालेलं कास्टिंग, म्हणजे ओतून तयार झालेला भाग, परत भट्टीत येतं तेव्हा त्याच लोखंडासाठी आपण वीज दुसऱ्यांदा जाळतो. साच्याची वाळू, आतली पोकळी घडवणारा वाळूचा कोअर, मोल्डरची मेहनत गेली ती वेगळीच. छपरावर सोलर बसवा, जरूर बसवा, पण त्याआधी भट्टीवर झाकण आणि रिजेक्शनवर नजर.

अस्तर पातळ झालं की भट्टी थांबवणारा लीकेज डिटेक्टर ट्रिप होतो. आपली कॉईल तांब्याची, आत पाणी खेळतं. रस तिथवर पोचला तर काय होईल हे वर लिहिलंच आहे. "एवढी एक हीट काढू" म्हणून कुणी तो बायपास करायला निघाला तर पॅनेलसमोर उभी राहा. नोकरी गेली तरी चालेल. दुसरी मी शोधून देतो.

धुळीबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण ती आवाज करत नाही. सकाळी नॉकआऊटच्या बाजूला, जिथं साचे फोडून कास्टिंग काढतात तिथं, पत्र्याच्या फटीतून ऊन येतं, त्यात कण तरंगताना दिसतील. फुप्फुसात खोलवर जाणारे कण त्याहून बारीक, डोळ्यांना न दिसणारे. सिलिकोसिस हा वाळूच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार वर्षानुवर्षांनी कळतो आणि त्यावर बरं करणारा उपाय नाही. फेटलिंगची, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारी, पोरं तोंडाला रुमाल बांधतात, शिफ्ट संपली की कॉम्प्रेसरच्या हवेनं कपडे झटकतात. दोन्ही थांबव. योग्य मास्क मिळवून दे, कोरडा झाडू बंद कर, डस्ट कलेक्टरच्या पिशव्या फाटल्यात का ते स्वतः बघ. मालक खर्चाचं बोलले तर त्यांना सांग, वाळूत ही बारीक धूळ साचली की पाणी जास्त घालावं लागतं, आणि पाणी वाढलं की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूनं झालेली भोकं, येतात. धूळ ओढून घेतली तर कास्टिंगही वाचतं. शिवाय कोअरचे न फुटलेले गोळे चाळून वेगळे ठेवले तर वाळू जास्त काळ चालते आणि टाकून द्यायचे ढीग कमी होतात.

सगळं एकदम हाती घेऊ नकोस. पहिला महिना फक्त बघ आणि लिही. पुढच्या महिन्यात एखाद्या रविवारी घरी ये. येताना भट्टीची लॉगशीट आणि रिजेक्शनचा तक्ता घेऊन ये, दोन्ही एकाच तारखांचे. टॅपिंग टेंपरेचरचा, म्हणजे रस भट्टीतून काढतानाच्या तापमानाचा, रकाना आणि ब्लोहोलचा रकाना शेजारी ठेवून बसू. काकू भाकरी करतील.

तुझा,
काका