व्हिएतनामला आई-बाबांसोबत जाताना रोख पैसे किती आणि कसे न्यावेत

तुम्ही खारघरहून आई-बाबांना घेऊन हनोई, हा लाँग बे आणि होई आन करणार आहात आणि विचारलंय, रोख किती न्यायची की सगळं कार्डावर भागेल? हॉटेल आणि क्रूझचं कार्डावर भागेल. कॉफीच्या टपऱ्या, बाजार, छोट्या खानावळी इथे मात्र रोखच लागते.

डाँग, म्हणजे तिकडचं चलन, इथून घेऊ नका. डॉलर न्या आणि तिकडे बदलून घ्या. आमच्या ठाण्यातल्या नौपाड्यात किंवा तुम्हाला जवळ म्हणून वाशीत, परवाना असलेल्या फॉरेक्सवाल्याकडून (परकीय चलन विकणाऱ्याकडून) घ्या. 50,000 रुपयांच्या वरची रक्कम त्याला रोखीत देता येत नाही, बँकेतूनच द्यावी लागते. शंभर डॉलरच्या कोऱ्या नोटा मागा. तिकडे चुरगळलेल्या किंवा शाई लागलेल्या नोटा नाकारतात, छोट्या नोटांना दरही कमी देतात.

आता खरी काळजीची गोष्ट. पाच लाख डाँगची नोट आणि वीस हजार डाँगची नोट दोन्ही निळसर, दोन्हींवर तिकडचे नेते हो ची मिन्हच. एक साधारण सतराशे रुपयांची, दुसरी सत्तरच्या आसपास. रिक्षातून उतरताना, संध्याकाळच्या अंधुक उजेडात, चष्मा पिशवीत असताना काय होईल ते सांगायला नको. आई-बाबांना नोट उलटून बघायला शिकवा. वीस हजारांच्या मागे होई आनचा जपानी पूल आहे, तोच पूल तुम्ही बघणार आहात. पाच लाखांच्या मागे हो ची मिन्हांचं गावाकडचं घर आहे. घर दिसलं की हात आवरायचा. तिकडे किंमत ‘50k’ अशी लिहितात, म्हणजे पन्नास हजार डाँग. k सोडून नुसत्या 50 ची साडेतीनपट करा, साधारण तेवढे रुपये.

आणि कृपा करून सगळे पैसे तुमच्याच पाकिटात ठेवू नका. रोज सकाळी दोघांच्याही खिशात दोन-तीन लाख डाँग सुटे करून द्या, सोबत हॉटेलच्या पत्त्याचं कार्ड. पाण्याच्या बाटलीसाठीही मुलाकडे मागावं लागलं की आपली माणसं पाणी घ्यायचंच टाळतात, आणि तिकडच्या उकाड्यात ते परवडणारं नाही. चुकामूक झाली तरी टॅक्सीने परत येता येतं. पोटाला बांधायच्या पिशवीत बाकीचे डॉलर, पण रस्त्यात ती उघडायची नाही.

कार्डाबद्दल एवढंच: मशीन रुपयांत की डाँगमध्ये विचारेल तेव्हा डाँग निवडा, रुपयांचा दर नेहमी महाग पडतो. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहाराला साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणून फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून घेतलेलं कार्ड, बरं. ते घेताना डॉलरचं कार्ड डाँगमध्ये वापरल्यावर वेगळा आकार लागतो का, हे आधी विचारून घ्या. टॅक्सी बोलवायचं ग्रॅब ॲप इथूनच आपल्या नंबरवर सुरू करून ठेवा. भाडं आधी दिसतं, रोखीतही देता येतं.

उरलेले डाँग परत निघताना तिकडच्याच विमानतळावर, तपासणीतून आत शिरण्याआधीच बदला. मुंबईत ते कुणी सहजी घेत नाही.